डागाळलेले दात आणि घाईचे निष्कर्ष

मुलांचे दात आणि पाण्यातले फ्लोराइड या विषयावरच्या शोधनिबंधांचा आता एक ठरलेला साचा झाला आहे. एखादा तालुका निवडायचा, त्यातल्या आठ-दहा शाळा घ्यायच्या, बारा ते पंधरा वर्षांची मुले ओळीने बसवायची आणि आरसा व विजेरी घेऊन त्यांचे दात पाहायचे. शाळेजवळच्या हापशाचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचे. मग एका रकान्यात पाण्यातले फ्लोराइड, दुसऱ्या रकान्यात डाग असलेल्या मुलांची टक्केवारी असा तक्ता करायचा आणि ‘या भागात फ्लोरोसिस ही गंभीर समस्या आहे’ असा निष्कर्ष काढायचा. त्याची बातमी होते, बातमीचे कात्रण शिक्षकांच्या खोलीत फिरते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ज्या मुलाच्या दातांवर डाग दिसेल त्याला ‘फ्लोराइडवाला’ हे नाव पडते.

मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, दंतवैद्य नाही. परंतु असे निबंध वाचण्याची पाळी माझ्यावर वरचेवर येते. त्यांतली मोजमापे बहुधा बरोबर असतात. खटकते ते असे की, दोन साधे प्रश्न त्यांत विचारलेलेच नसतात. फ्लोराइड शरीरात गेले ते कोणत्या वयात? आणि त्याच्याबरोबर पोटात आणखी काय गेले, किंवा गेले नाही? या प्रश्नांशिवाय दातांवरून हाडांविषयी बोलता येत नाही, आणि आजच्या दातांवरून आजच्या पाण्याविषयी तर मुळीच बोलता येत नाही.

हा विषय बिलोलीच्या शिक्षकांच्या जवळचा आहे, त्याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला हे आवरण संपते आणि त्याखालचा फार जुना ग्रॅनाइट व नाइस खडक उघडा पडतो. बिलोली, देगलूर, धर्माबाद या बाजूला फिरताना जे गोलसर, एकावर एक रचल्यासारखे धोंडे दिसतात ते याच खडकाचे. पुढे तेलंगणात हाच खडक सलग पसरलेला आहे. त्यात अभ्रक, ॲपेटाइट, फ्लोराइट अशी फ्लोरीन असलेली खनिजे असतात. खोल भेगांत वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्यात ती सावकाश उतरतात. उघड्या आडाचे पाणी दर पावसाळ्यात बदलत असे. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधणविहिरी झाल्या आणि हे खोल, जुने पाणी थेट घागरीत आले. हगवण, नारू यांसारख्या रोगांना त्यामुळे आळा बसला हेही तितकेच खरे आहे, म्हणून हापशाला सरसकट दोष देणे योग्य नव्हे. एकाच गावात शंभर पावलांवरच्या दोन हापशांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अगदी वेगळे असू शकते. तेव्हा ‘आमच्या तालुक्याचे पाणी’ असा शब्दप्रयोग या बाबतीत निरर्थक ठरतो.

येथे एक रासायनिक गंमत आहे. कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की त्यांचे जवळजवळ न विरघळणारे संयुग बनते. त्यामुळे ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात फ्लोराइड फारसे टिकत नाही. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट जास्त, त्यात ते वाढते. म्हणजे ज्या हापशाच्या पाण्यात डाळ चटकन शिजते, साबणाला भरपूर फेस येतो आणि म्हणून सगळी गल्ली जेथून पाणी भरते, नेमका तोच हापसा फ्लोराइडचा असण्याची शक्यता अधिक. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

आता दातांकडे वळू. कायमच्या दाताचे पांढरे कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, दात हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात तयार होते. ते बनवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा साचा घालतात, मग साचा काढून घेत त्या जागी खनिज भरतात. फ्लोराइड जास्त असेल तर प्रथिने वेळेवर निघत नाहीत आणि दंतवल्काच्या पृष्ठभागाखाली बारीक पोकळ्या राहतात. दात बाहेर आला की हा सच्छिद्र भाग खडूसारखा पांढरा दिसतो. पुढे काही वर्षांत त्यात रंग मुरतो आणि पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. एकदा दात पूर्ण तयार झाला की दंतवल्क बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात, त्यामुळे नंतर प्यालेल्या पाण्याने असा डाग पडत नाही आणि नंतर बदललेल्या पाण्याने तो जातही नाही.

वरचे समोरचे दोन कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी दिसू लागतात, परंतु त्यांच्या घडणीचा सर्वांत नाजूक काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा असतो. याचा चांगला पुरावा हाँगकाँगमधून आला. तेथे नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात. १९७८ साली त्याचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमवरून ०.७ मिलिग्रॅमवर आणले गेले. बदलाची तारीख पक्की ठाऊक असल्यामुळे, त्या दिवशी कोणते मूल किती महिन्यांचे होते आणि पुढे त्याच्या दातांचे काय झाले हे इव्हान्स आणि स्टॅम या संशोधकांना ताडून पाहता आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हा धोक्याचा काळ दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास असल्याचे दिसले. आपल्याकडे आणखी एक नैसर्गिक संरक्षण आहे, त्याचा उल्लेख फारसा होत नाही. आई कितीही फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते नगण्यच उतरते. अंगावर पिणारे मूल सुरक्षित राहते. हापशाच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध किंवा पेज सुरू झाली की हिशोब बदलतो.

हे लक्षात घेऊन वरचा साचा पुन्हा पाहा. बारा वर्षांच्या मुलाचे दात दहा वर्षांपूर्वीच्या पाण्याची नोंद दाखवतात आणि तक्त्यात त्यांच्यासमोर या आठवड्यात भरलेल्या बाटलीचा आकडा असतो. मधल्या काळात जुना हापसा आटलेला असतो, नवा खोदलेला असतो, नळ आलेला असतो. शिवाय बिलोली-देगलूर भागातली कितीतरी कुटुंबे कामासाठी निजामाबादला, हैदराबादला किंवा ऊसतोडीला जातात. दुसऱ्या वर्षी ते मूल कोणत्या गावात होते, हे त्याच्या आईला विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि हा प्रश्न विचारलेला निबंध हाती आला की मला अजून आश्चर्य वाटते.

टक्केवारीतही एक मेख आहे. डागांची प्रतवारी बहुतेक ठिकाणी अमेरिकन दंतवैद्य एच. ट्रेंडली डीन यांच्या पद्धतीने करतात. ती त्यांनी १९३४ साली मांडली आणि १९४२ साली सुधारली. तिच्यात सामान्य, शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या आहेत. ‘अतिसौम्य’ म्हणजे दाताच्या चौथ्या हिश्श्याहून कमी भागावर कागदासारखे पांढुरके ठिपके. घरच्या माणसांच्या ते लक्षातही येत नाहीत. ‘तीव्र’ म्हणजे खड्डे पडलेले, झिजलेले, तपकिरी दात. दोन्ही एकाच टोपलीत टाकून ‘६० टक्के मुलांना फ्लोरोसिस’ म्हटले तर वाक्य खोटे ठरत नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. अशा निबंधात प्रत्येक पायरीवर किती मुले आहेत हे सांगणारा तक्ता आधी शोधावा. तो नसेल तर बाकीचे वाचण्यात फारसा अर्थ नाही.

याहून गंभीर चूक ओळखण्याची आहे. दाताच्या कायमच्या दाढांवर आणि समोरच्या दातांवर वेगळ्याच प्रकारचे डाग पडणारा एक विकार आहे. दंतवैद्य त्याला ‘मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन’ म्हणतात. आपण त्याला दाढ-पटाशी विकार म्हणू. हे नाव २००१ साली रूढ झाले, विकार अर्थातच त्यापूर्वीही होता. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण सात-आठ मुलांमागे एकात तो आढळतो. त्याचे कारण अजून निश्चित नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतली आजारपणे, वारंवार येणारा ताप यांच्याकडे संशयाचे बोट आहे. फ्लोरोसिस आणि हा विकार यांतला फरक शिक्षकालाही कळण्यासारखा आहे. फ्लोरोसिस डाव्या आणि उजव्या जोडीच्या दातांवर सारखा असतो, त्याच्या पांढऱ्या रेषा आडव्या आणि कडेला विरत जाणाऱ्या असतात. दाढ-पटाशी विकारात डागाची कड स्पष्ट, नकाशातल्या बेटासारखी असते. एका बाजूची दाढ पिवळी-तपकिरी आणि दुसरीकडची धडधाकट असेही दिसते. शिवाय ते दात ठणकतात, गार पाणी लागले की मूल तोंड वाकडे करते, आणि दाढेचा तुकडा अल्पशा दाबानेही पडतो.

आरसा आणि विजेरी घेऊन मिनिटाला एक मूल तपासणाऱ्या पाहणीत हे दोन्ही विकार ‘डाग’ या एकाच रकान्यात जातात. नुकसान निबंधाचे नव्हे, मुलाचे होते. फ्लोरोसिसचे नाव ऐकून पालक फ्लोराइडची पेस्ट बंद करतात. दाढ-पटाशी विकाराच्या मुलाला मात्र त्या कमकुवत दाढा टिकवण्यासाठी दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घेण्याचीच गरज असते. चुकीच्या नावामुळे नेमका उलटा उपचार होतो.

बिलोलीला शिक्षकांशी बोलताना एका गुरुजींनी एका पालकाचे म्हणणे जसेच्या तसे ऐकवले होते, “पोरगं रोज घासतंय की हो, दोनदा घासतंय, तरी डाग जात न्हाईत. आता काय राखुंडीनं घासायला लावू का?” या प्रश्नाला पाहण्यांच्या तक्त्यांत उत्तर नाही. उत्तर असे की, डाग वरून बसलेला नाही, आतला आहे; घासून तो जाणार नाही आणि राखुंडीने किंवा विटेच्या भुकटीने सच्छिद्र दंतवल्क मात्र झिजेल. मशेरी लावणाऱ्यांच्या दातांवरचा काळा थर वेगळा, तो वरून बसतो आणि दंतवैद्याकडे साफ होतो. मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून वर्गात उभे करणे हा त्या मुलावर अन्याय आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड दहा लाख भागांत हजार भागांपर्यंत चालते. ती गिळण्यासाठी नसते. लहान मुलाला वाटाण्याएवढी द्यावी, अगदी तान्ह्याला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवावे. एवढी काळजी घेतली तर भीतीचे कारण नाही.

हाडांचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तेथे जुने भारतीय संशोधन आजच्या साच्याहून सरस आहे हे आवर्जून सांगावेसे वाटते. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे माणसे ताठरून, वाकून जात असल्याचे दाखवले. पाठोपाठ १९४० साली गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमधले चिंतामण गोविंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. हे मराठी संशोधक पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. मुलांच्या दातांवरचे डाग आणि प्रौढांच्या हाडांचे विकार कोणकोणत्या घटकांमुळे घडतात, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. ‘घटक’ हा शब्द अनेकवचनी होता. एकच पाणी पिणाऱ्या दोन वस्त्यांत एक अधिक पंगू का होते, याचा शोध घेताना त्यांनी आहाराकडे, विशेषतः क जीवनसत्त्वाकडे लक्ष वेधले. त्यांचा क जीवनसत्त्वावरचा भर पुढे टिकला नाही. प्रश्न मात्र टिकला.

त्यानंतरचा महत्त्वाचा निबंध आपल्या अधिक जवळचा आहे. १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सिद्दिकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातल्या फ्लोरोसिसचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी नलगोंडा आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढच्या वर्षी राज्यपुनर्रचनेत ते वेगळे झाले. खडकाची पुनर्रचना अर्थातच झाली नाही. परंतु ‘फ्लोराइड म्हणजे नलगोंडा’ हे समीकरण त्यानंतर इतके पक्के झाले, की सीमेच्या अलीकडे बऱ्याच उशिरा लक्ष गेले. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या गावांची नावे या संदर्भात ऐकू येऊ लागली ती फार नंतर.

१९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवीच गोष्ट नोंदवली. फ्लोराइडच्या भागातल्या वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे एकमेकांना टेकत होते आणि पावले दूर जात होती. पूर्वीच्या रुग्णांची हाडे दाट झालेली असत, या मुलांची पायांची हाडे मात्र विरळ होती. मुले गरीब घरची होती आणि त्यांचे मुख्य अन्न ज्वारी होते. १९७७ साली देवस्थळे आणि सहकाऱ्यांनी फ्लोराइडच्या आणि बिगरफ्लोराइडच्या गावांतले धान्य तपासून त्यातले तांबे, मॉलिब्डेनम व जस्त यांची तुलना केली. कल्पना अशी होती की, जमिनीतला ओलावा आणि अल्कधर्मिता वाढली की ज्वारीत मॉलिब्डेनम वाढते, त्यामुळे शरीरातले तांबे लघवीवाटे जाते आणि तांब्यावाचून हाडातल्या तंतूंची वीण कच्ची राहते. नागार्जुनसागरच्या धरणामुळे भूजलाची पातळी वाढल्याचाही संबंध जोडला गेला. ही साखळी ऐकायला फार सुबक आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहायला हवे. तिच्या प्रत्येक कडीला थोडाथोडा पुरावा आहे, परंतु सगळी साखळी एकाच ठिकाणी, एकाच मुलांच्या गटात कोणी सिद्ध केलेली नाही. मराठवाड्यातल्या शिक्षकाने ‘ज्वारीने पाय वाकतात’ असा अर्थ यातून काढू नये. आणि तीन-चार वर्षांच्या निरोगी मुलांचेही गुडघे थोडे आत असतात, सातव्या वर्षापर्यंत ते आपोआप सरळ होतात. अंगणवाडीत जाऊन निदान करत सुटू नये.

ज्वारीविषयी खरा विचार करण्याजोगा मुद्दा कॅल्शियमचा आहे. १९९८ साली तेवतिया दांपत्य आणि सहकाऱ्यांनी ४५,७२५ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. फ्लोराइड सारखेच जात असलेल्या मुलांचे त्यांनी दोन गट पाडले. ज्यांच्या आहारात रोज ८०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम होते त्यांच्यात हाडांचे विकार व पायांची वक्रता २५ टक्क्यांहून कमी मुलांत होती. ज्यांना ३०० मिलिग्रॅमही मिळत नव्हते त्यांच्यात ९० टक्क्यांहून अधिक मुलांत. संशोधक म्हणून मी येथे एक शंका घेईन. ज्या घरात रोज दूध असते त्या घरात डाळ, भाजी, औषधपाणी हेही बरे असते. तेव्हा सगळे श्रेय कॅल्शियमला देता येत नाही. तरीही फरक इतका मोठा आहे की तो निव्वळ इतर गोष्टींनी पुसला जाईल असे वाटत नाही, आणि त्यामागचे रसायनशास्त्र तर वर हापशाच्या पाण्यात आपण पाहिलेच आहे. आतड्यातही कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते; बांधलेले फ्लोराइड बरेचसे तसेच बाहेर पडते.

आता साधा हिशोब करून पाहू. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलिग्रॅम असते. सातवीतल्या मुलाने दिवसभरात तीनशे ग्रॅमच्या भाकरी खाल्ल्या तरी ८०-९० मिलिग्रॅमच्या पुढे आकडा जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ८५० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. कपभर दुधाने सव्वादोनशे-अडीचशे मिळतात. घरचे दूध डेअरीवर जात असेल तर तेही नाही. तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर कॅल्शियम आहे, जरी तिळातले सगळेच अंगी लागत नाही. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा याच कारणासाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात फ्लोराइडग्रस्त मुलांच्या आहारात आणण्याचे प्रयत्न झाले. आपल्याकडे तरोट्याची भाजी ‘गरिबाची’ म्हणून ताटातून जात चालली आहे.

याच संदर्भात चिंचेचे नाव निघते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अर्जुन खंदारे आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीसेक मुलांना अठरा दिवस रोज जेवणात १० ग्रॅम चिंच दिली, तेव्हा लघवीतून जाणारे फ्लोराइड दिवसाला ३.५ वरून ४.८ मिलिग्रॅमवर गेले. नेटका, छोटा, प्रामाणिक प्रयोग आहे. त्यावरून ‘चिंच खा आणि फ्लोरोसिस घालवा’ असे मथळे निघाले ते मात्र प्रयोगाने म्हटलेले नाही. लघवीतले फ्लोराइड वाढले म्हणजे शरीरात राहणारे कमी झाले, एवढे म्हणता येते. हाडात वर्षानुवर्षे बसलेले फ्लोराइड अठरा दिवसांत निघत नाही आणि दातांवरचा डाग तर चिंचेने कधीच जाणार नाही. आमटीत चिंच घालणाऱ्या घरांनी ती घालत राहावी, इतकाच अर्थ.

त्वचेचा या सगळ्याशी संबंध ड जीवनसत्त्वातून येतो. कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी ते लागते आणि ते त्वचेत उन्हाने तयार होते. पाठ्यपुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यांत ‘कोवळ्या उन्हात बसावे’ असे असते. ते चूक आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणात अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते पुरेसे पोहोचतात. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीसच्या २४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. खाजगी प्रयोगशाळांच्या अहवालांत हेच आकडे कितीतरी मोठे दिसतात, कारण तेथे कमतरतेची रेषाच वर ओढलेली असते. डीनच्या ‘अतिसौम्य’सारखाच हा प्रकार.

शाळेत उन्हात खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत अडचण बहुधा कॅल्शियमची असते. भरपूर ऊन असलेल्या नायजेरियात मुडदूस झालेल्या १२३ मुलांवरचा अभ्यास १९९९ साली आला. केवळ ड जीवनसत्त्व दिलेल्या १९ टक्के मुलांची हाडे ठरलेल्या निकषापर्यंत भरली, केवळ कॅल्शियम दिलेल्या ६१ टक्के, आणि दोन्ही दिलेल्या ५८ टक्के. पुण्यात खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या लहानग्यांना धान्य-कडधान्याचे कॅल्शियमयुक्त लाडू वर्षभर देऊन २०११ साली निष्कर्ष मांडले, तेही याच दिशेचे होते. लाडू हे माध्यम निवडल्याबद्दल मला त्या संशोधकांचे विशेष कौतुक वाटते. गोळी मूल थुंकते, लाडू थुंकत नाही. मात्र तो अभ्यास लहान होता आणि तो फ्लोराइडच्या गावात झालेला नव्हता. तसाच प्रयोग ग्रॅनाइटच्या पट्ट्यात व्हायला हवा.

त्वचेवर फ्लोराइडमुळे चट्टे उठतात, केस गळतात असे काही पत्रकांत छापलेले असते. इटलीतल्या ॲल्युमिनियम कारखान्याजवळच्या किझ्झोला गावातल्या चट्ट्यांवरून ही कथा सुरू झाली. तिचा पुरावा तेव्हाही कच्चा होता आणि अजूनही आहे. बुद्ध्यंकाचा वाद ताजा आहे. जानेवारी २०२५मध्ये एका अमेरिकन बालरोग नियतकालिकात ७४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यांतले ४५ चीनमधले होते आणि ५२ अभ्यासांत दोषाची शक्यता मोठी असल्याचे लेखकांनीच नोंदवले. अमेरिकेत हा वाद नळाच्या पाण्यात मुद्दाम घातलेल्या ०.७ मिलिग्रॅमविषयी आहे. आपला प्रश्न दीड मिलिग्रॅमच्या वरच्या पाण्याचा आहे. तिकडची भांडणे इकडे आणण्याची गरज नाही.

उपायांविषयी थोडक्यात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ही मर्यादा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, दुपारी तांब्यावर तांब्या पिणाऱ्या मुलालाही तीच आहे, हे मला पटत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ने १९७०च्या दशकात फिटकरी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. ती स्वस्त आहे, पण रोज नेमाने करावी लागते, गाळ उरतो आणि फिटकरीचे प्रमाण चुकले तर ॲल्युमिनियम पाण्यात राहते. गावोगाव आलेले जारचे पाणी फ्लोराइडबरोबर कॅल्शियमही काढून टाकते. नदीचे पाणी नळाने येणे हाच सर्वांत सरळ मार्ग, आणि जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून तो अनेक गावांच्या आवाक्यात आला आहे.

त्यातून संशोधनाची एक संधी चालत आली आहे. समजा, एखाद्या वस्तीत २०२२ साली मांजरेचे पाणी नळाला आले. त्या वर्षी जन्मलेल्या मुलांचे समोरचे कायमचे दात २०२९च्या सुमारास दिसू लागतील. तेव्हा ती दुसरीत असतील. त्याच शाळेत सातवीत बसलेल्या मुलांचे ते दात हापशाच्या पाण्यावर घडलेले असतील. दोन्ही वर्गांच्या दातांची छायाचित्रे सारख्याच वयात काढली, कोणते कोणाचे हे तपासणाऱ्या दंतवैद्याला सांगितले नाही आणि दोन्ही विकार वेगळ्या रकान्यांत नोंदवले, तर हाँगकाँगला जे जमले ते बिलोलीला का जमू नये? सातवीतल्यांची छायाचित्रे मात्र त्यांच्या दुसरीतल्या वयातच, म्हणजे २०२४च्या आसपास निघायला हवी होती. जेथे नळ अजून यायचा आहे किंवा नुकताच आला आहे तेथे ही वेळ गेलेली नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी दाखल्यामागे दोन ओळी लिहून ठेवायच्या: पहिली तीन वर्षे मूल कोणत्या गावात राहिले, आणि घरात पाणी कोठून येत होते.